न जळलेल्या कोळशाचा हिशेब

विजेची बचत म्हणजेच विजेची निर्मिती, हे वाक्य आपण फळ्यावर अनेकदा लिहिले आहे. वाचवलेले युनिट म्हणजे न जळलेला कोळसा आणि न जळलेला कोळसा म्हणजे हवेत न गेलेला कार्बन डायऑक्साइड. यात चूक काही नाही. अडचण पुढे येते. जळलेला कोळसा वजनकाट्यावर मोजता येतो, वापरलेले युनिट मीटरवर दिसते. पण न जळलेला कोळसा कोणत्या काट्यावर मोजायचा? न वापरलेल्या युनिटासाठी मीटर कुठे बसवायचा? गेल्या दहा-बारा वर्षांत ऊर्जाबचतीचे जे मोठे आकडे आपल्याकडे जाहीर झाले, ते बहुतेक अशा न दिसणाऱ्या राशीचे आहेत. त्यांतील सर्वांत परिचित आकडा, 'उजाला' योजनेचा, या लेखात आम्ही तपासणार आहोत. योजना वाईट होती असे आमचे म्हणणे नाही. तिचा हिशेब ज्या शब्दांत मांडला जातो, त्याला आमची हरकत आहे.

कल्पना आणि तिचे यश

ऊर्जाकार्यक्षमता सेवा हा व्यवसाय १९७३च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत वाढला. त्याची रीत साधी आहे. समजा, बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्यात जुन्या मोटारी फार वीज खातात. नव्या मोटारी घ्यायला मालकाजवळ भांडवल नाही, किंवा त्यातून बचत होईल यावर त्याचा विश्वास नाही. अशा वेळी सेवा देणारी कंपनी स्वतःचे पैसे घालून मोटारी बदलते. बदलापूर्वीचा वीजवापर आणि नंतरचा वीजवापर मोजला जातो. बिलात जी बचत होते तिचा ठरलेला वाटा काही वर्षे कंपनीला मिळतो. मुदत संपली की सारी बचत मालकाची. या व्यवहारात मोजणी हाच प्राण आहे. मोजणी चुकली तर कंपनी तरी बुडते, नाही तर मालक तरी फसतो. म्हणून दोघेही मीटरवर डोळा ठेवून असतात.

भारतात ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो २००२ साली स्थापन झाला. २००९ साली केंद्र सरकारच्या चार वीज-कंपन्यांनी मिळून 'एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड' ही कंपनी काढली. ५ जानेवारी २०१५ रोजी घरगुती एलईडी बल्बांची योजना सुरू झाली. तिलाच पुढे 'उजाला' हे नाव मिळाले. त्याच दिवशी पथदिव्यांची योजनाही सुरू झाली.

या योजनेचे एक यश निर्विवाद आहे. एकगठ्ठा खरेदीमुळे बल्बाची किंमत कोसळली. २०१४च्या सुरुवातीला कंपनीला एक बल्ब ३१० रुपयांना पडत होता. २०१६मध्ये तो ३८ रुपयांवर आला. ग्राहकाला तो रोखीने, किंवा बिलातून महिना दहा रुपयांच्या हप्त्याने घेता येई. जुना ६० वॅटचा तारेचा बल्ब जेवढा उजेड देई, तेवढा किंवा थोडा अधिक उजेड ९ वॅटचा एलईडी देतो. जुना बल्ब विजेतील बहुतेक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खोलीत सोडत असे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या नागपूरसारख्या शहरात ही उष्णता कमी होणे हाही फायदाच. शिवाय दिवे लागतात ते संध्याकाळी, म्हणजे विजेची मागणी टिपेला पोचलेली असते तेव्हा. तेवढी मागणी त्याच वेळी उतरते, हे मोठेच काम झाले.

एका बल्बामागे १३० युनिटे

आता आकड्याकडे वळू. योजनेला सात वर्षे झाली तेव्हा, जानेवारी २०२२मध्ये, सरकारने जाहीर केले की ३६.७८ कोटी बल्ब वाटले गेले, त्यामुळे दर वर्षी ४,७७७.८ कोटी युनिटे वाचतात, कमाल मागणी ९,५६५ मेगावॅटने टळते आणि दर वर्षी ३.८६ कोटी टन कार्बन डायऑक्साइडची घट होते.

एवढे मोठे आकडे पाहून विद्यार्थी दबून जातात. त्यांना सांगावे, भागाकार करा. युनिटांना बल्बांच्या संख्येने भागले की एका बल्बामागे वर्षाला १३० युनिटे येतात, म्हणजे दिवसाला सुमारे ३५६ वॅट-तास. ६० वॅटच्या बल्बाजागी ९ वॅटचा आला तर ५१ वॅट वाचतात. ३५६ला ५१ने भागा. उत्तर येते सात. याचा अर्थ असा की विकलेला प्रत्येक बल्ब ६० वॅटच्या बल्बाच्या जागी बसला, तो रोज सात तास, वर्षाचे ३६५ दिवस जळतो आणि २०१५ साली घेतलेला बल्बही आज चालू आहे, असे धरले तरच हा आकडा जमतो. गृहीतके थोडी वेगळी असू शकतात. पण कोणत्याही मार्गाने गेलो तरी सरासरी १३०वर यावी लागते.

ही गृहीतके घरात नेऊन पाहा. २०१५पर्यंत शहरांतील पुष्कळ घरांत सीएफएल दिवे आलेले होते. १५ वॅटचा सीएफएल काढून ९ वॅटचा एलईडी लावला तर सहाच वॅट वाचतात. रोज सात तास धरले तरी वर्षाची बचत १५ युनिटांच्या आसपास होते, म्हणजे १३०च्या साडेआठाव्या हिश्शाइतकी. न्हाणीघरातला बल्ब दिवसाकाठी तासभर जळतो. तिथे पूर्वी ६० वॅटचा बल्ब असला तरी बचत वर्षाला १९ युनिटांच्या पुढे जात नाही. काही बल्ब तीन वर्षांत गेले असतील, काही अजून खोक्यात असतील, आणि काही पूर्वी अंधार असलेल्या जिन्यात लागले असतील. जिन्यात उजेड आला हे चांगलेच झाले. पण तिथे वीज वाचली नाही, नव्याने लागली.

कर्बाच्या आकड्याचाही असाच भागाकार करता येतो. ३.८६ कोटी टनांना युनिटांनी भागले की एका युनिटामागे ०.८१ किलो येतात. हा गुणक कुठून येतो हे विद्यार्थ्यांना पटवणे सोपे आहे. एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. औष्णिक केंद्राची कार्यक्षमता ३५ टक्के धरली तर त्यासाठी सुमारे २,४५० किलोकॅलरी उष्णता लागते. आपल्या कोळशाच्या एका किलोत साधारण ३,६०० किलोकॅलरी असतात. म्हणजे एका युनिटाला सुमारे ७०० ग्रॅम कोळसा लागला. त्यात ४० टक्क्यांच्या आत-बाहेर कार्बन असतो. त्याला ४४ भागिले १२ने गुणले की एका युनिटामागे जवळजवळ एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. देशातील जल, अणू, वारा आणि सूर्य यांपासूनची वीज यात मिसळली की सरासरी ०.७ किलोच्या आसपास उतरते. मग ०.८१ जास्त झाले का? तसेही म्हणता येत नाही. दिवे रात्री लागतात, तेव्हा सौर वीज नसते, आणि मागणी घटली की आच मंदावते ती बहुधा कोळशाच्याच बॉयलरची. म्हणजे या एका बाबतीत सरकारी आकडा कमीही असू शकेल. दोष दोन्ही दिशांना शोधायचा असतो, हेही या निमित्ताने वर्गात सांगता येते.

आमची मुख्य हरकत इथे आहे. सेवा-व्यवसायाच्या मूळ रीतीत मोजणी केल्याशिवाय पैसा वसूल होत नसे. 'उजाला'त बल्ब थेट विकला गेला. हप्ते आले की कंपनीचे काम संपले. बचत झाली की नाही हे पाहण्यावाचून तिचे काही अडले नाही. म्हणून बल्बांच्या संख्येला ठरावीक गुणक लावून निघालेली ही बचत आहे. जमिनीच्या व्यवहारात 'मानीव अभिहस्तांतरण' हा शब्द आपल्याला माहीत आहे. तसाच इथे 'मानीव बचत' हा शब्द वापरावा. सरकारी पत्रकात 'अंदाजे' हा शब्द असतो हे खरे. पण अंदाज कशावर बेतला हे त्याच्याशेजारी लिहिलेले नसते, आणि भाषणात येईपर्यंत 'अंदाजे'ही गळून पडलेला असतो. जानेवारी २०२५मध्ये योजनेला दहा वर्षे झाली तेव्हा वाटलेल्या बल्बांची संख्या ३६.८७ कोटी होती. म्हणजे मधल्या तीन वर्षांत वाटप जवळजवळ थांबलेले, आणि बेरजेत जुना बल्ब मात्र एकही विझलेला नाही.

टळले की घटले?

समजा, गृहीतकांची सारी दुरुस्ती झाली आणि प्रत्येक युनिट खरे ठरले. तरीही एक शब्द खटकतो, 'घट'.

नागपुरातील सक्करदरा भागात उमरेड रस्त्याच्या आतल्या गल्लीत राहणारे एक कुटुंब डोळ्यांसमोर आणू. हे कुटुंब कल्पनेतले आहे. पण त्याच्यासारखी घरे तिथे गल्लोगल्ली सापडतील. या घराने ६० वॅटचे पाच बल्ब काढून ९ वॅटचे पाच एलईडी लावले. प्रत्येक बल्ब रोज पाच तास जळतो. वर्षाची बचत ४६५ युनिटे झाली. सरकारी हिशेबात याच घराच्या नावावर पाच गुणिले १३०, म्हणजे ६५० युनिटे जमा झाली.

पुढच्या उन्हाळ्यात या घराने कूलर माळ्यावर टाकून दीड टनाचे वातानुकूलन यंत्र घेतले. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर हे उत्तम यंत्र आहे. लाकडी भुशाच्या किंवा वाळ्याच्या ओल्या ताटीतून हवा जाताना पाणी बाष्पीभूत होते आणि हवेतील उष्णता घेऊन जाते. पंखा आणि पंप मिळून २०० वॅटमध्ये खोली थंड होते. वातानुकूलन यंत्राचा रात्रभराचा सरासरी भार एक किलोवॅट धरू. एप्रिलच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत ७५ रात्री, रोज आठ तास. कूलरला १२० युनिटे लागत होती. नव्या यंत्राला ६०० लागतात. वाढ ४८० युनिटांची.

आता वर्षाचे बिल पाहा. बल्बांनी ४६५ कमी केली, यंत्राने ४८० वाढवली. मीटर पूर्वीपेक्षा १५ युनिटे पुढे गेला. हिशेबात ६५० युनिटांची घट, मीटरवर १५ युनिटांची वाढ, आणि घर एकच! यात कोणी खोटे बोलले असे नाही. बल्ब बदलले नसते तर मीटर आणखी ४६५ युनिटे पुढे गेला असता. तेव्हा या घरात ४६५ युनिटे 'टळली' हे खरे. वापर 'घटला' हे खरे नाही. टळणे हे कल्पनेतल्या दुसऱ्या घराशी ताडून ठरते. घटणे हे त्याच घराच्या कालच्या मीटरशी ताडून ठरते. आपल्या भाषेत दोन्हींसाठी वेगवेगळे शब्द असताना आपण एकाच शब्दावर का भागवावे?

कोराडीची धुराडी

जे घराचे तेच देशाचे. २०१४-१५मध्ये देशात सुमारे १ लाख ११ हजार कोटी युनिटे वीज तयार झाली; २०२३-२४मध्ये सुमारे १ लाख ७४ हजार कोटी. ही वाढ 'उजाला'च्या जाहीर बचतीच्या तेरापट आहे. विजेची कमाल मागणी ३० मे २०२४ रोजी अडीच लाख मेगावॅटवर गेली. जीवाश्म इंधनांतून होणारे आपले कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन २०१५मध्ये सुमारे २२५ कोटी टन होते. २०२३मध्ये ते ३०० कोटी टनांच्या पुढे गेले.

सक्करदऱ्याचे दिवे ज्या जाळ्यावर लागतात, त्यातील मोठी औष्णिक केंद्रे शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा येथे आहेत. बल्बांचे वाटप जोरात होते त्याच काळात, २०१५ ते २०१७मध्ये, कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन नवे संच सुरू झाले. हे संच 'सुपरक्रिटिकल' आहेत. त्यांत वाफेचा दाब आणि तापमान इतके चढवतात की पाणी आणि वाफ यांतला भेदच उरत नाही. त्यामुळे जुन्या २१० मेगावॅटच्या संचांपेक्षा दर युनिटाला कमी कोळसा लागतो. ही ऊर्जाकार्यक्षमताच आहे. पण दर युनिटाला कोळसा कमी लागला तरी युनिटे वाढली, की वॅगनी वाढायच्याच. जुलै २०२२च्या पावसात कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचा चिखल शेतांत आणि पाण्यात पसरला. मे २०२३मध्ये, ऐन उन्हाळ्यात, कोराडीत आणखी दोन ६६० मेगावॅटच्या संचांसाठी जनसुनावणी झाली. ९,५६५ मेगावॅट टळले असे कागदावर वाचणाऱ्या तिथल्या माणसाने विचारले, की मग माझ्या गावाजवळचे कोणते धुराडे टळले, तर त्याला काय उत्तर द्यायचे? 'आणखी जास्त झाली असती' हेच प्रामाणिक उत्तर आहे. त्याने त्याचे समाधान होणार नाही, पण निदान त्याची फसवणूक तरी होणार नाही.

दर टनामागे

उद्योगांसाठीच्या योजनेतही हाच घोळ आहे. २०१२ साली मोठ्या कारखान्यांसाठी एक योजना सुरू झाली. पहिल्या फेरीत आठ क्षेत्रांतील ४७८ उद्योग होते. प्रत्येकाला उद्दिष्ट दिले जाते ते दर टन उत्पादनामागे किती ऊर्जा वापरावी याचे. चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूरच्या परिसरात सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. तसा एखादा कारखाना घेऊ. समजा, त्याने दर टनामागे १०० युनिटांऐवजी ९५ युनिटे वापरली आणि उत्पादन १० लाख टनांवरून १२ लाख टनांवर नेले. बचत म्हणून ६० लाख युनिटे नोंदली जातील. एकूण वापर मात्र १,००० लाखांवरून १,१४० लाखांवर गेला. भारताने २०२२मध्ये जगापुढे ठेवलेले उद्दिष्टही याच जातीचे आहे: राष्ट्रीय उत्पन्नाच्या दर रुपयामागचे उत्सर्जन २०३०पर्यंत २००५च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करणे. एकूण उत्सर्जन त्यात बांधलेले नाही.

चीनचा अनुभव बोलका आहे. तिथे १९९८ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने बीजिंग, लिआओनिंग आणि शांडोंग येथे तीन ऊर्जासेवा कंपन्या सुरू झाल्या. पुढे हा व्यवसाय जगात सर्वांत मोठा झाला. त्याच पाव शतकात चीनचे उत्सर्जन तिपटीहून अधिक वाढले. विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५मध्येच कोळशावरील ग्रंथात लिहून ठेवले होते, की वाफेचे इंजिन काटकसरी झाल्याने कोळसा कमी खपत नाही. इंजिने स्वस्त पडतात, ती जागोजागी लागतात आणि खप वाढतो. एलईडी स्वस्त झाल्यावर दुकानांच्या पाट्या, कमानी आणि झाडेही उजळू लागली, हे त्याचेच लहान रूप. मात्र जेव्हन्सचा आधार घेऊन कार्यक्षमताच निरर्थक ठरवणे बरोबर नाही. आमच्या उदाहरणातल्या घराने वातानुकूलन यंत्र घेतले ते बल्बांमुळे पैसे वाचले म्हणून नव्हे. मिळकत वाढली आणि उन्हाळा सोसेना म्हणून. दोन कारणे वेगळी ठेवली पाहिजेत.

कोणी म्हणेल, भारतात माणशी उत्सर्जन वर्षाला सुमारे दोन टन, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. मग आपल्याच योजनांची एवढी चिकित्सा कशासाठी? आक्षेप रास्त आहे. ज्या घरात पहिला पंखा आता लागतो आहे, त्याला वापर वाढवण्याचा पूर्ण हक्क आहे. पण म्हणूनच हिशेब चोख हवा. वाढ होणारच असेल, तर ती कोणत्या विजेने भागवायची हा खरा प्रश्न आहे. टळलेल्या वाढीला घट म्हटले की तो प्रश्न सुटल्यासारखा वाटतो आणि कोणी विचारीत नाही.

वर्गात काय करता येईल

इयत्ता दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'हरित ऊर्जेच्या दिशेने' हा पाठ आहे. तो शिकवताना एक छोटा प्रकल्प घ्यावा. विजेच्या बिलावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो. विद्यार्थ्यांनी घरची दोन-तीन वर्षांची बिले आणावीत, नावे आणि ग्राहक क्रमांक झाकून. मे महिन्याची तुलना मे महिन्याशीच करावी. मेची तुलना डिसेंबरशी केली तर उन्हाळाच मोजला जाईल. दोन्ही वर्षांचे मेमधले कमाल तापमान शेजारी लिहावे. घरात दिवे, पंखे, कूलर, शीतकपाट यांत काय बदल झाले, माणसे वाढली की घटली, हेही नोंदवावे. मग प्रत्येकाने दोन रकाने भरावेत: 'बदल केला नसता तर किती वापर झाला असता' आणि 'प्रत्यक्षात किती झाला'. पहिला रकाना भरताना प्रत्येकाला काहीतरी गृहीत धरावे लागेल. ते गृहीतक त्याने स्वतःच्या अक्षरात खाली लिहावे, अशी सक्ती करावी.

वर्गातल्या चाळीस घरांची बेरीज केली की बहुधा दोन वेगळी उत्तरे येतील. दोन्ही फळ्यावर लिहावीत आणि कोणते पुसायचे हे मुलांना विचारावे. एकही पुसायचे नाही, दोन्हींपुढे आपापले नाव लिहायचे, हे त्यांना उमगले तर पाठ शिकवून झाला. यानंतर वर्तमानपत्रात ऊर्जाबचतीचा एखादा आकडा आला, तर कशाच्या तुलनेत, कोणी मोजले आणि एकूण वापराचे काय झाले, हे प्रश्न ती मुले आपण होऊन विचारतील. तीच चौकट सरकारी पत्रकानेही पाळावी, एवढीच आमची मागणी आहे.